रकान्यातलं ‘जैसे थे’

पी.टी.च्या सरांकडे शिट्टी असते हे पोस्टमनकडे पिशवी असते इतकं ठरलेलं. आमच्या सरांकडेही होती, पण ती रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात असायची, आणि एकोणीस वर्षं त्यांच्याबरोबर नोकरी करूनही ती वाजलेली मी ऐकली नाही. “शिट्टी कुत्र्याला वाजवायची,” ते म्हणायचे. “लेकराला नावानं हाक मारावी. नाव ठाऊक नसंल तर गप बसावं.” शाळेत हजारावर मुलं, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं त्यांना ठाऊक असायची. मला माझ्या वर्गातल्या पहिल्या दोन बाकांची आणि शेवटच्या बाकाची ठाऊक असायची, म्हणजे हुशारांची आणि दांडगटांची. मधल्यांना मी पट क्रमांकानं ओळखायचो. गणिताच्या मास्तरला आकडे पुरतात, असं मी शिक्षकखोलीत म्हणायचो आणि लोक हसायचेही.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटीत. मराठी माध्यमाची, पण वर्गात मराठी घरातली मुलं निम्मीसुद्धा नसायची. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. गणितात त्याचा त्रास कमी, कारण पायथागोरस सगळ्यांनाच परका. पण कवायतीत मोठी पंचाईत व्हायची. मराठीत ‘डावा’ म्हणजे डावा हात, आणि दखनी बोलणाऱ्या घरात कानाला तसाच लागणारा ‘दायाँ’ म्हणजे उजवा. पाचवीतल्या पोराला उन्हात उभं करून “डावीकडे वळ” म्हटलं की अर्धी रांग इकडे आणि अर्धी तिकडे वळायची, मग समोरासमोर आलेली पोरं एकमेकांकडे बघून खुदखुदायची. आधीच्या सरांनी या गोष्टीसाठी पोरांना छड्या मारल्या होत्या म्हणे.

आमच्या सरांनी त्यावर स्वतःचा इलाज काढला होता. जूनमध्ये पाचवीचा पहिला तास असला की ते चादरीच्या कारखान्यातून उरल्या सुताचे तुकडे खिशात भरून आणायचे आणि प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला एकेक बांधायचे. मग आज्ञा असायची, “सुताकडं वळ.” दुसरी, “सुताला सोडून वळ.” महिन्याभरात सूत आपोआप गळून पडायचं, तोवर अंगाला दिशा कळलेली असायची. एकदा एक पालक तणतणत आले, हा कसला गंडा बांधलाय आमच्या पोराला म्हणून. सरांनी त्यांच्याही मनगटाला पिवळं सूत बांधलं, मैदानावर उभं केलं आणि चार वेळा वळवलं. जाताना ते गृहस्थ हसत होते, सूत तसंच ठेवून गेले.

हे वाचून कुणाला वाटेल की मोठे गोड गृहस्थ होते. मुळीच नव्हते. त्यांच्याइतका डोक्यात जाणारा माणूस मी शाळेत दुसरा पाहिला नाही. शिक्षकसभा पाऊण तासाच्या वर गेली की ते मध्येच उठून सगळ्यांना हात वर करायला लावायचे. माझ्याकडून खडूचे तुकडे मागून नेऊन कॅनव्हासचे बूट पांढरे करायचे. जिना चढून आलेल्या माणसाला ते तिथल्या तिथे वर्तमानपत्राची एक ओळ मोठ्यानं वाचायला सांगत, आणि दम लागला तर “सर, आवरा आता, वडापाव आवरा,” असं सगळ्यांसमोर म्हणत. शनिवारी शाळा सुटताना त्यांचं एक फर्मान असे. मुलांनी पाण्याच्या बाटल्यांतलं उरलेलं पाणी घरी न्यायचं नाही, धावपट्टीवर ओतून जायचं. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात मैदानाला पाणी कोण देणार? मग हजार पोरं रांगेनं घोट घोट पाणी ओतत फाटकाबाहेर पडायची, आणि आम्ही शिक्षक घरी जायला उशीर होतो म्हणून त्यांच्या नावानं खडे फोडायचो.

आणि त्यांचं ते “जैसे थे”. कवायतीत एखादी आज्ञा चुकीची गेली की “जैसे थे” म्हणतात. मग सगळ्यांनी आधी होतं तसं उभं राहायचं, झालेली चूक झालीच नाही असं समजायचं. सर हा शब्द कवायतीबाहेरही सर्रास वापरायचे. शिक्षकखोलीत दोघांचं वाजलं की “जैसे थे”. कुणाचा चहा सांडला, “जैसे थे”. भूगोलाच्या बाई रडत आल्या, घरी काहीतरी बिनसलं होतं, तर खुर्ची पुढे करून “बसा बाई, जैसे थे”. पोरांनी त्यांचं नावच ते पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडत असावं.

मी नोकरीला लागलो तेव्हा मैदानाच्या कोपऱ्यात मल्लखांब होता. उन्हाळ्याआधी सर त्याला एरंडेल चोळायचे, ते चोळताना कुणाशी बोलायचे नाहीत. लाकडी डंबेल्स होती, लेझमी होत्या, शनिवारी सकाळी ढोलावर सगळ्या शाळेची कवायत होती. मग एकेक गोष्ट गेली. एकदम कुणी काढून घेतली नाही, म्हणून कुणाला दिसलीही नाही. शिक्षकांच्या गाड्या उन्हात तापतात म्हणून मल्लखांबाच्या जागी पत्र्याची शेड झाली. त्या शेडमध्ये पहिल्या खांबाशी माझी स्कूटर लागायची. लेझमी पाहुणे आले की बाहेर निघायच्या. योगाच्या दिवशी सतरंज्या अंथरून फोटो काढायचे, ते वर पाठवायचे आणि सतरंज्या गुंडाळायच्या. आणि दहावीचे, मग नववीचे, पुढे आठवीचेही पी.टी.चे तास आम्ही खाल्ले.

आम्ही कशाला म्हणू, मी खाल्ले. इंग्रजीच्या बाई कधीमधी मागायच्या, मी न मागता घ्यायचो. निकालाच्या फलकावर गणितात पैकीच्या पैकी किती, ते माझ्या नावावर लागायचं आणि त्याची मला चटक लागली होती. सुरुवातीला सर वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहायचे. “सर, तास माझा हाय.” मी म्हणायचो, “प्रमेय अर्ध्यात आहे, दहा मिनिटं.” दहा मिनिटांचा तास व्हायचा. पुढे त्यांनी दाराशी येणं सोडलं. ते वेळापत्रकाप्रमाणे मैदानावर जाऊन उभे राहायचे. फक्कीनं आखलेल्या रेघा तयार, गोळा ठेवलेला, आणि समोर कुणी नाही. पस्तीस मिनिटं हा माणूस मोकळ्या मैदानापुढे दक्ष अवस्थेत उभा. वर्गातली पोरं खिडकीतून बघायची आणि त्यांचं फळ्याकडे लक्ष लागायचं नाही. मग मी एक दिवस खिडकी लावून घेतली. सोलापूरच्या मार्च महिन्यात चाळीस पोरं मी बंद खिडकीत कोंडली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नंतर सरकारचं ते अॅप आलं. प्रत्येक मुलाची उंची, वजन, किती वाकतो, सहाशे मीटर किती वेळात धावतो, हे सगळं मोजून ऑनलाइन भरायचं. खरं तर सरांच्या मनासारखी गोष्ट. आयुष्यात पहिल्यांदा वरून कुणीतरी विचारत होतं की तुमची पोरं धावतात का. त्यांनी दोन महिने घेतले. सकाळी ऊन चढायच्या आत वीस-वीस मुलं धाववायची, त्याहून जास्त नाही. हातात त्यांचं जुनं चावीचं घड्याळ. ते घड्याळ कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत असायचं आणि रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहिलं जायचं. एका आंतरशालेय सामन्यात दुसऱ्या शाळेच्या सरांनी त्या घड्याळावर शंका घेतली, तर आमच्या सरांनी त्यांच्याशी पुढे अनेक वर्षं बोलणं टाकलं होतं. वेळ लिहायची तर त्या काट्यावरची, नाहीतर लिहायचीच नाही, असा त्यांचा खाक्या.

भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटर मला येतो असा शाळेचा समज होता आणि मी तो करून दिला होता. शिवाय पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. शेवटची तारीख दोन दिवसांवर होती. सर शनिवारी दुपारी त्यांची जाडजूड वही घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आले.

“मी शेजारी बसतो,” ते म्हणाले. “वाचून दावतो. माझ्या वहीतलं काही काही तुमाला कळायचं न्हाय.”

“तुम्हाला यातलं काय कळतं सर,” मी म्हणालो. “वही ठेवा आणि जा.”

असंच म्हणालो. यात मी आज एक शब्दही मऊ करणार नाही. ते वही ठेवून गेले आणि खाली मैदानावर बाटल्यांचं पाणी बघत उभे राहिले. जिना उतरून विचारायला दोन मिनिटंही लागली नसती.

नववीच्या मुलींच्या पानावर मी पोचलो तेव्हा चार वाजले होते. एकोणचाळीस क्रमांकाची मुलगी शाळेतली सगळ्यात वेगवान धावपटू. तिच्या पुढे सहाशे मीटरच्या रकान्यात वेळ लिहिली होती. तिच्या खाली चाळीस क्रमांक, रेहाना, आणि त्याच रकान्यात सरांच्या वळणदार अक्षरात “जैसे थे”. मी काय विचार केला तो सांगतो, कारण तो माझ्या धंद्याला शोभेल असाच होता. कचेरीच्या भाषेत जैसे थे म्हणजे बदल नाही. बदल नाही म्हणजे वरीलप्रमाणे. मी वरचा आकडा खाली उतरवला. दोन मुली सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत एकाच वेळेत धावल्या, हे गणित शिकवणाऱ्या माणसाला खटकलं नाही. अशी “जैसे थे” वहीत आणखीही होती. सगळीकडे मी तेच केलं आणि पाच वाजता घरी गेलो.

पंधरा दिवसांनी निरोप आला. भरलेल्या माहितीवरून आमच्या शाळेतल्या दोन मुलींची जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी नावं निघाली होती. मोठ्या बाई खूश झाल्या. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. त्या म्हणाल्या, तुम्ही एवढी मेहनत केलीत, प्रार्थनेनंतर नावं तुम्हीच वाचा. सर त्या वेळी मैदानाच्या मागच्या टोकाला लहान मुलांच्या रांगा सरळ करत होते. यादी त्यांना कुणी दाखवली नव्हती, मीही नाही.

मी व्यासपीठावर चढून माइकवरून पहिलं नाव वाचलं. ती मुलगी पळत पुढे आली, टाळ्या झाल्या. मग मी दुसरं नाव वाचलं. रेहाना.

कुणी हललं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं, आणि वर “लवकर पुढे ये” असंही म्हणालो. नववीच्या रांगेतून एक मुलगी बाहेर आली आणि चालायला लागली. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. प्रत्येक पावलाला ती खांद्यापासून एका बाजूला कलायची आणि सावरायची. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणाऱ्यांना लाजवायला म्हणून असेल, कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या टाळ्या त्या हसण्यापेक्षा वाईट होत्या. बोलावलं म्हणून ती येत होती. तिनं चेहरा वर ठेवला होता. मी तिला दोन वर्षं गणित शिकवत होतो, आठवीत आणि नववीत. ती मधल्या बाकावर बसायची. मी वर्गात यायचो तेव्हा ती बसलेली असायची, जायचो तेव्हाही बसलेली. तिला चालताना मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं.

ती अर्ध्यात पोचली असेल तेवढ्यात मागून आवाज आला.

“जैसे थे.”

पोटातून काढलेला. अख्खी शाळा जागच्या जागी थिजली, टाळ्याही. ती मुलगीही थांबली. सर रांगांमधून चालत पुढे आले. चालतानाच माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांनी एकदा बघितलं, मग माझ्याकडे. मग ते शाळेकडे वळले.

“येळ मी घेतली,” ते म्हणाले. “घड्याळ माझं हाय. चावी नीट बसली नव्हती. चूक माझी.”

मग त्यांनी आज्ञा दिली, “मागे वळ.”

हजार मुलं एका दणक्यात मागे वळली. पुढे उभे असलेले शिक्षकही वळले, मोठ्या बाईसुद्धा. सरांनी स्वतःही पाठ फिरवली. मग हळू आवाजात ते त्या मुलीला म्हणाले, “रेहाना, जा बाळ जागेवर.” सगळ्यांच्या पाठी असताना ती परत चालत गेली. मी व्यासपीठावर होतो, रांगेत नव्हतो, मला वळायचं सुचलं नाही. त्या मैदानावर तिच्याकडे बघणारा मी एकटा होतो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रिक्षा चालवायचे. फाटकाबाहेर रिक्षा लावून, पायातल्या चपला दाराशी काढून ऑफिसात उभे राहिले. मोठ्या बाई होत्या, सर होते, आणि सरांची वही हातात घेऊन मी होतो.

“मोबाइल पे मेसेज आया,” ते म्हणाले. “बच्ची दौड में निकली बोलके. मैं झगडने कू नै आया. कौन लिख्या ये, इतनाच पूछने आया.”

“मैं लिख्या,” सर म्हणाले. “घडी बिगड गई थी मेरी.”

तो माणूस सरांकडे वळला. “दुसरा कोई होता तो मैं समझता,” ते म्हणाले. “तुमना तो उसका सब मालूम है ना सर. तुमीच उसकू कुर्सी पे बिठाके गोला फेकना सिखाए. घर में आके रोज तुम्हारा नाम लेती थी. तुम कैसा भूले?”

सरांनी मान खाली घातली. मी त्यांना मान खाली घातलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या हातात वही होती. त्यातलं ते पान उघडून समोर ठेवायचं, एवढंच करायचं होतं. तिच्या ओळीत पुढच्या रकान्यात त्यांनी लिहिलेलं होतं, “गोळाफेक उत्तम. हातात ताकद आहे, मोठ्या स्पर्धेला न्यावी.” जी मुलं धावू शकत नाहीत त्यांच्यापुढे ते “जैसे थे” लिहायचे, कारण नापास, सूट, अपंग यातला कुठलाच शब्द त्यांना पोरांच्या नावापुढे चालत नसे. वही मी उघडली नाही. मोठ्या बाईंनी पाणी मागवलं. रेहानाच्या वडिलांनी ते घेतलं नाही, नमस्कार करून गेले.

सरांकडून लेखी खुलासा मागितला. त्यांनी एका ओळीत दिला, नोंद माझी आहे म्हणून. मी टाइप केलं होतं हे मोठ्या बाईंना ठाऊक होतं, पण वहीत काय होतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढा काळ त्यांना मैदानावरून काढून फाटकावर बसवलं, उशिरा येणाऱ्या मुलांची नावं लिहायला. मैदानासाठी बाहेरून एक तरुण येऊ लागला, आठवड्यातून एकदा, स्पीकर घेऊन. तो गाणी लावून पोरांना हात हलवायला लावायचा आणि मोबाइलवर चित्रण करून पाठवायचा. पोरांना मजा यायची, हे खोटं नाही. शनिवारचं पाणी ओतणं बंद झालं. रेहाना नववी संपवून दुसऱ्या शाळेत गेली. गोळ्याच्या स्पर्धेला तिला कुणी नेलं नाही. नेणारा माणूस फाटकावर बसला होता.

मी पर्यवेक्षक झालो. सरांच्या निरोप समारंभात आभाराचं भाषण मीच केलं. त्यात मी म्हणालो, सरांनी शाळेला शिस्त लावली. ते पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्याकडे न बघता समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत होते.

गेल्या हिवाळ्यात मीही निवृत्त झालो. घरी बसल्यावर माणसाला झोप कमी आणि आठवणी जास्त येतात. एक दिवस सकाळी उठून मी मोहोळची एसटी पकडली. सर गावी परतलेत एवढं माहीत होतं. घरी विचारलं तर कळलं की बाजार समितीत असतील. तिथे गेलो तर कांद्याच्या ढिगांमध्ये आठ-दहा हमालांना उभं करून सर गुडघ्यात वाकायला लावत होते. “कंबरंतनं न्हाय रं, गुडघ्यातनं. पोतं पोटाजवळ घे की.” एक हमाल कंटाळून म्हणाला, “मास्तर, आमचा बा बी असंच उचलत हुता.” “आन् तुझा बा आता कुटं हाय? खाटंवर हाय न्हवं?” बाकीचे हसले आणि त्यानं पोतं खाली ठेवून पुन्हा उचललं.

मला बघून ते काही विशेष चकित झाले नाहीत. चहाच्या टपरीवर बाकावर बसलो. मी येताना वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरलो.

“ते घड्याळ चुकलं नव्हतं सर,” मी म्हणालो. “मी वरचा आकडा खाली उतरवला होता. जैसे थे म्हणजे वरच्यासारखंच, असं मला वाटलं.”

“म्हाईत हाय की.”

“केव्हा कळलं?”

“तुमच्या हातात कागूद बगितला तवाच.”

“मग माझ्यासाठी तुम्ही एवढं...”

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “तुमच्यासाठी?” ते म्हणाले. “सर, तुमच्यासाठी म्या काय म्हणून करीन? पंधरा वर्सं माझी पोरं तुमी कोंडून ठिवली.” आवाज चढला नव्हता. “त्या दिवशी प्रार्थना सुटल्यावर ती पोरगी माझ्याकडं आली. रडत न्हवती. इचारलं, सर, घड्याळाचं ऱ्हाऊ द्या, हे कुणी लिवलं? आता तिला काय सांगू? दोन वर्सं जे सर तुला शिकवत्यात, त्यास्नी तू कशी चालतीस ते ठाऊकच न्हाय, असं सांगू? घड्याळ बिघडलं म्हणलं की पोरगी इसरून जाती. माणसानं आपल्याला बगितलंच न्हाय, हे इसरत न्हाय कोन. म्हणून मैदानात घड्याळावर घातलं, आन् तिलाबी तेच सांगितलं.”

टपरीवाला ग्लास उचलून घेऊन गेला.

“बापाला मातूर माझं खरं वाटलं,” ते म्हणाले. “ते लई लागलं मला. अजून लागतंय.”

रेहाना आता चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत आहे, तपासणी विभागात, असं त्यांच्याकडूनच कळलं. ईदला तिचा फोन येतो. मी विचारलं, जाऊ का तिच्याकडे, माफी मागतो.

“जावा की,” सर म्हणाले. “पर माफी मागायची घाई करू नका. माफी तुमाला पाहिजे, तिला न्हाय. आदी नुसती वळखा तिला. तेवढं जमतंय का बगा.”

ते परत कांद्याच्या ढिगाकडे गेले. मी चारची एसटी धरली. चिंचोळीला गाडी थांबली तेव्हा पाळी सुटली होती, आणि डबे, पिशव्या घेतलेल्या बायका आणि मुली दारातून आत येऊ लागल्या. यातच ती असेल असं मनात आलं आणि मी सरसावून बसलो. तिचं अक्षर मला आठवत होतं, तिची समीकरणं कशी स्वच्छ असायची ते आठवत होतं. चेहरा आठवेना, कितीही ताण दिला तरी. म्हणून चढणाऱ्या एकेकीच्या पायांकडे मी बघत राहिलो. गाडी भरली. शेवटी एक मुलगी माझ्या बाकाशी येऊन थांबली आणि म्हणाली, “काका, जरा सरकता का?” मी सरकलो. तिच्या पायांत काही वेगळं दिसलं नाही, म्हणून मी वर बघितलंच नाही. सोलापूर येईपर्यंत ती माझ्या शेजारी बसून होती, आणि तिचाही चेहरा मला सांगता येणार नाही.